आमचा किनारा पूर्वेला: डिसेंबरातल्या एका आठवड्याची वही

शनिवार, २ डिसेंबर २०२३

गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला असलेल्या सिरोंच्याला पुतणीच्या मुलाचे बारसे सोमवारी ठरले होते आणि परतीच्या वाटेवर देसाईगंजजवळच्या खेड्यात थोरल्या बहिणीकडे एक मुक्काम करायचा होता, म्हणून हिंगणघाटजवळच्या आमच्या गावातून मी शनिवारी सकाळीच निघालो. निघण्यापूर्वी वावरात एक चक्कर मारली. नोव्हेंबरच्या अखेरच्या अवकाळी पावसाने भिजलेला कापूस जेमतेम वाळला होता. दुसऱ्या वेच्याला बाया लावाव्यात की आणखी चार दिवस थांबावे, हा प्रश्न घरात तसाच पडून होता. आणि तूर फुलांवर असल्यामुळे आभाळात जरा पांढरे दिसले तरी माझे लक्ष कामात लागत नव्हते.

त्याच दिवशी गावातली काही मंडळी ६ डिसेंबरसाठी दादरच्या चैत्यभूमीकडे निघाली होती. फाट्यावर गाडीची वाट पाहताना त्यांच्यातल्या एका आजीने मला विचारले, "बापू, तिकडं पाणी येते काय? पन्नी घेऊ का सोबत?" मी दररोज हवामानाचे अंदाज वाचतो आणि दाराशी पर्जन्यमापक ठेवला आहे, हे गावात सर्वांना माहीत आहे. मी म्हणालो, "कोकणात कोरडं सांगितलं आहे, आजी. पन्नी राहू द्या, चादर घ्या." आजी समाधानाने बसल्या. मी मात्र स्वतःच्या पिशवीत रेनकोट आणि मोठी ताडपत्री कोंबली होती, हे त्यांनी पाहिले नाही.

एकाच राज्यातल्या दोन प्रवाशांनी एकाच आठवड्यासाठी अशी वेगवेगळी तयारी का करावी, याचे उत्तर नकाशात आहे. भारतीय हवामान विभाग महाराष्ट्राचे चार उपविभाग करतो: कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. बातम्यांत 'राज्यातील हवामान' म्हणून जे सांगितले जाते, त्याची सुरुवात बहुधा मुंबईपासून होते आणि वेळ उरला तर शेवट नागपुरावर होतो. पावसाळ्यात तेही चालून जाते. हिवाळ्यात मात्र कोकणच्या किनाऱ्यावर काय चालले आहे याच्याशी गडचिरोलीच्या धानाचा काहीही संबंध नसतो. त्याचा संबंध असतो तो 'किनारी आंध्र प्रदेश व यानम' नावाच्या, आपल्या राज्यात नसलेल्या उपविभागाशी. सिरोंच्यापासून मुंबईचा समुद्र सरळ रेषेत साधारण साडेसातशे किलोमीटर पडतो, तर मछलीपट्टणमचा समुद्र सव्वातीनशे. नकाशावर पट्टी ठेवून मी हे अंतर पहिल्यांदा मोजले, तेव्हापासून नोव्हेंबर-डिसेंबरात आधी किनारी आंध्राचा अंदाज वाचायचा आणि मग विदर्भाचा, असा क्रम मी ठेवला आहे.

हिंगणघाटहून बल्लारशाहच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली आणि मी दुपारचे पत्रक उघडले. नैऋत्य बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा आता तीव्र झाला होता. त्याचे चक्रीवादळ होऊन ते आधी किनाऱ्याजवळ येईल, मग किनाऱ्याला जवळपास समांतर उत्तरेकडे सरकेल आणि ५ तारखेला नेल्लोर व मछलीपट्टणम यांच्या दरम्यान जमिनीवर येईल, असे त्यात म्हटले होते. 'समांतर उत्तरेकडे' हे शब्द मी वहीत उतरवून घेऊन खाली रेघ ओढली. वादळ चेन्नईजवळून सरळ पश्चिमेला आत शिरले असते, तर कर्नाटकाकडे जाऊन विरले असते आणि आपल्याकडे केवळ ढग आले असते. उत्तरेकडे चढणाऱ्या वादळाच्या वाटेवर पुढे तेलंगणा, दक्षिण छत्तीसगड आणि त्यांना चिकटून आपली गडचिरोली येते.

बल्लारशाहच्या फलाटावर त्याचा पहिला पुरावा मिळाला. दिल्ली-चेन्नई हा लोहमार्ग इथूनच जात असल्यामुळे पुढच्या दिवसांतल्या चेन्नईकडच्या कित्येक गाड्या रद्द झाल्याचे प्रवासी एकमेकांना सांगत होते, आणि बल्लारपूरच्या निरभ्र, उबदार संध्याकाळी त्यांच्यापैकी कोणालाही ते खरे वाटत नव्हते.

रविवार, ३ डिसेंबर

गोंडपिपरीच्या वाटेवरच्या एका हॉटेलात एसटी चहासाठी थांबली, तेव्हा दूरचित्रवाणीसमोर गर्दी होती. पण ती चार राज्यांच्या निवडणूक निकालांसाठी. वादळ खालच्या पट्टीत धावत होते. पहाटे त्याचे चक्रीवादळ झाले होते, म्हणजे त्यातल्या वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरच्या पुढे गेला होता, आणि त्याला म्यानमारने सुचवलेले नाव मिळाले होते. त्या नावाचा उच्चार 'मिगजॉम' असा आहे, परंतु इंग्रजी अक्षरांवरून मराठी करण्याच्या सवयीमुळे त्या आठवड्यात मी ते मिचाँग, मिचौंग आणि मायचुंग अशा तीन रूपांत वाचले.

आष्टीजवळ बस वैनगंगेच्या पुलावर आली. खाली थोड्याच अंतरावर वर्धा नदी हिला मिळते आणि दोघींची प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीत शिरते आणि गोदावरी आंध्राच्या किनाऱ्यावर समुद्राला. माझ्या वावराच्या नाल्यातले पाणीसुद्धा अखेर त्याच किनाऱ्यावर पोचते, हे पुलावरून जाताना दरवेळी आठवते.

आलापल्लीला उतरल्यावर बहिणीला फोन लावला. तिची साडेतीन एकर धानाची शेती आहे. हलके, म्हणजे लवकर येणारे धान दिवाळीतच चुरून (मळून) झाले होते, पण भारी, म्हणजे उशिरा येणारे धान गेल्या दोन दिवसांत कापले गेले होते आणि कडपा, म्हणजे कापलेल्या धानाच्या मुठी, बांधीत (बांध घातलेल्या धानाच्या वावरात) वाळायला पसरलेल्या होत्या. मी म्हणालो, "बाई, मंगळवार-बुधवारी पाणी आहे. उद्याच्या उद्या कडपा उचल आणि पुंजणे घालून झाक." पुंजणे म्हणजे कडपांची रचलेली गंजी.

ती म्हणाली, "इकडं तर चांगली ऊन आहे बापू. पेपरात 'तुरळक ठिकाणी' म्हणून लिवलं हाय. ओल्या कडपा पुंजण्यात घातल्या तर आतून तापतेत, मग दाणा काळा पडते. दोन दिवस वाळू दे ना."

तिचे म्हणणे चुकीचे नव्हते, आणि तिच्या मनातली शंका बहुतेक शेतकऱ्यांच्या मनात असते. हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' याचा अर्थ थोडा पाऊस असा नाही. उपविभागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस पडेल, एवढाच त्याचा अर्थ आहे. त्यापुढे ५० टक्क्यांपर्यंत 'काही ठिकाणी', ७५ पर्यंत 'बऱ्याच ठिकाणी' आणि त्याहून वर 'बहुतांश ठिकाणी'. ज्या गावी पडेल तिथे तो किती पडेल, हे या शब्दांत नसतेच. त्यासाठी हलका, मध्यम, जोरदार असे वेगळे शब्द आहेत, आणि मध्यमचा पल्लाच १५.६ पासून ६४.४ मिलिमीटरपर्यंत इतका रुंद आहे की त्याच्या एका टोकाला धुरळा बसतो आणि दुसऱ्या टोकाला बांधी भरते. शिवाय हा हिशेब बुलढाण्यापासून गोंदियापर्यंतच्या अख्ख्या विदर्भावर मांडलेला असतो. अकरा जिल्ह्यांत 'तुरळक' म्हणून सांगितलेला पाऊस पूर्वेकडच्या दोन-तीन जिल्ह्यांत एकवटला, तर तिथल्या माणसाच्या दृष्टीने तो सर्वदूर असतो, आणि अंदाजही खोटा ठरत नाही.

हे सगळे मी फोनवर तिला समजावले. ती म्हणाली, "मजूर मिळाले तर पाहतो." झाडीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, बायाही 'पाहतो' म्हणतात, त्या शब्दात होकार किती आणि नकार किती, हे मला आजवर कळलेले नाही.

सोमवार, ४ डिसेंबर

आलापल्ली ते सिरोंचा हे शंभर किलोमीटर अंतर किती वेळात कापले जाईल, याचा अंदाज मात्र कोणताही विभाग देऊ शकत नाही. रस्त्याविषयी इतकेच पुरे.

बारसे दुपारी झाले. बाळाचे नाव ठेवून झाल्यावर पुरुष मंडळी ओसरीवर बसली आणि दूरचित्रवाणी सुरू झाली, ती तेलुगू. सिरोंच्यात घरोघरी मराठी आणि तेलुगू दोन्ही चालतात, पण हिवाळ्यातल्या हवामानासाठी तेलुगू वाहिनीच लावली जाते. कारण विचारले, तेव्हा पुतणीचे सासरे हसून म्हणाले, "व्याही, मराठीत लावलं तर नाशिकची थंडी दाखवतात. आमचं आभाळ बापटला, मछलीपट्टणमकडून येतं." या वाक्यासाठी मी दोन दिवस धक्के खाल्ले होते असे म्हटले तरी चालेल. जी गोष्ट मी पट्टी घेऊन नकाशावर शोधली, ती या गावाला सवयीने ठाऊक होती.

पडद्यावर चेन्नई पाण्यात होती. विमानतळाच्या धावपट्टीवर पाणी होते, गल्ल्यांतून मोटारी वाहत होत्या. वादळ अजून समुद्रातच होते आणि त्याची तीव्रता आणखी वाढली होती. तमिळनाडूच्या किनाऱ्याला वर्षभराच्या पावसाचा मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी काळातच मिळतो, म्हणून त्या किनाऱ्यावर डिसेंबरातला पाऊस ही बातमी नसते. परंतु वादळ किनाऱ्याजवळ रेंगाळले की तोच पाऊस एका शहरावर दोन दिवस कोसळत राहतो.

संध्याकाळी व्याह्यांबरोबर प्राणहितेच्या काठावर गेलो. पलीकडे तेलंगणा. आभाळात फार उंचावर पिसांसारखे ढग पूर्व-आग्नेयेकडून पसरत होते आणि वारा अगदी मंद, पण दमट होता. व्याही म्हणाले, "ही तूर्पू गाली." म्हणजे पूर्वेचा वारा. त्यांच्या मते कार्तिकात हा वारा रात्रीही पडला नाही, तर तिसऱ्या दिवशी पाणी ठरलेले. माझ्या वहीतला अंदाजही तेच सांगत होता. रात्री अंथरुणावर पडल्यावर मी मुद्दाम कान देऊन ऐकले. पत्र्याच्या कडेला बांधलेली दोरी हलत होती.

मंगळवार, ५ डिसेंबर

सकाळी उठलो तेव्हा आभाळ एकसंध राखाडी होते. रात्री पांघरूण नकोसे झाले होते आणि दिवसा मात्र स्वेटर काढवेना. ढगाळ हिवाळ्याची ही उलटी चाल आमच्याकडे नेहमीची आहे: जमिनीतली ऊब रात्री ढगांमुळे वर जाऊ शकत नाही, म्हणून किमान तापमान चढते, दिवसा ऊन खाली येऊ शकत नाही, म्हणून कमाल तापमान उतरते. थंडी वाढली म्हणून शेकोटीभोवती बसलेल्या माणसांना पहाटेचा पारा वर गेला आहे हे सांगितले, की ते तुमच्याकडे संशयाने पाहतात.

दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान बापटलाच्या दक्षिणेला वादळ जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी ९० ते १०० आणि झोत ११० किलोमीटरपर्यंत. सिरोंच्यात त्या वेळी सागाची पाने हलत होती, इतकेच. कापसाच्या आणि मिरचीच्या वावरांतून माणसे घाईने काम करत होती, आणि तीन वाजता बारीक झिमझिम सुरू झाली तेव्हा ताडपत्र्या बाहेर आल्या.

मंगळवार आणि शुक्रवार हे कृषी हवामान सल्ल्याच्या पत्रकांचे दिवस. कापलेले धान सुरक्षित ठिकाणी हलवावे, फवारणी पुढे ढकलावी, असे सल्ले पत्रकात असतात आणि ते बरोबरच असतात. माझी तक्रार पत्रकातल्या मजकुराविषयी नाही, त्याच्या वेळेविषयी आहे: मंगळवारचे पत्रक मोबाईलवर फिरत फिरत खेड्यातल्या माणसापर्यंत पोचते, तोवर अशा आठवड्यात आभाळ त्याच्या आधी पोचलेले असते. कडपा वाळायला दोन-तीन दिवस आणि उचलून पुंजणे रचायला एक दिवस लागत असेल, तर शेतकऱ्याला खरा उपयोग शनिवारच्या अंदाजाचा होता, आणि शनिवारी जे ठळक अक्षरात होते ते किनारी आंध्राच्या पानावर होते.

बहिणीचा फोन आला. सोमवारी चार बाया मिळाल्या; निम्म्या कडपा उचलून झाल्या, निम्म्या बांधीत आहेत. आज कोणी आले नाही, कारण ज्याला त्याला आपापले धान उचलायचे होते.

बुधवार, ६ डिसेंबर

पहाटे निघालो आणि अंधार पडल्यावर पोचलो. सिरोंचा, आलापल्ली, आष्टी, चामोर्शी, गडचिरोली, आरमोरी, देसाईगंज: या सगळ्या वाटेवर पाऊस कुठे धरून, कुठे सोडून, पण सोबतीला होता. मोठ्या धारांचा नव्हता. संततधार, वाऱ्याने तिरपी झालेली. चामोर्शीत छत्र्या धरून माणसे बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करत होती, आणि मला दादरच्या कोरड्या आभाळाखाली रांगेत उभ्या असलेल्या आजी आठवल्या.

बसमधून दोन्ही बाजूंना बांध्या दिसत होत्या. कुठे पुंजण्यांवर निळ्या-पिवळ्या ताडपत्र्या, कुठे जुन्या साड्या आणि खताच्या पोत्यांची ठिगळे, आणि कुठे काहीच नाही.

या दिवसाची एक नोंद करायलाच हवी. सकाळच्या पत्रकात वादळाचा उल्लेख चक्रीवादळ असा नव्हता. त्याचे पुन्हा कमी दाबाचे क्षेत्र होत होते, तेही ईशान्य तेलंगणा आणि लगतच्या दक्षिण छत्तीसगडाच्या आसपास. म्हणजे अगदी आमच्या उंबऱ्यावर. 'वादळ विरले' अशी बातमी झाली, वाहिन्यांनी कॅमेरे आवरले, आणि नेमका त्याच दिवशी पूर्व विदर्भाचा पाऊस सुरू झाला. वाऱ्याचा जोर किनाऱ्यावर संपतो, पण वादळाने समुद्रावरून उचललेला ओलावा संपत नाही. तो पूर्वेच्या वाऱ्यावर आत आत येतो आणि विरण्याच्या वाटेवर पाऊस टाकत जातो. किनाऱ्यावरच्या माणसासाठी जी बातमी संपली, ती वैनगंगेच्या खोऱ्यात सुरू होते, आणि तिला तोवर नाव उरलेले नसते.

गुरुवार, ७ डिसेंबर

सकाळी पाऊस थांबला होता, आभाळ तसेच. भाऊजी आणि मी फावडे घेऊन बांधीवर गेलो. निम्म्या कडपा पाण्यात होत्या. धानाची बांधी पाणी धरण्यासाठीच बांधलेली असते. जुलैत जो धुरा (बांध) वरदान असतो, तो डिसेंबरात वैरी होतो. आम्ही तीन ठिकाणी धुरा कापून पाणी खालच्या बोडीकडे (छोट्या तळ्याकडे) सोडले आणि मग कडपा उचलून धुऱ्यावर, लोंब्या वरच्या बाजूला राहतील अशा, आडव्या मांडत गेलो. पाणी पिऊन कडप तिप्पट जड होते. भाऊजी सत्तरीचे आहेत. ते एक शब्द बोलले नाहीत, आणि सांगण्यासारखे माझ्याकडेही काही नव्हते.

ओल्या लोंब्यांना ऊन मिळाले नाही, तर तीन-चार दिवसांत दाण्याला कोंब फुटतात. कोंब फुटले नाहीत तरी दाणा पाखडा होतो आणि भरडताना तुकडा पडतो. आधारभूत खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असलेले धान घेत नाहीत. त्या हंगामाचा हमीभाव साधारण धानाला २,१८३ रुपये क्विंटल होता, पण ओल्या धानाला तो कागदावरच. केंद्र नाकारते म्हटल्यावर व्यापारी काय भाव सांगतो, हे सांगायला नको. पुंजण्यातले निम्मे धान वरून कोरडे होते. भाऊजींनी मध्ये हात कोपरापर्यंत खुपसून पाहिला आणि म्हणाले, "तापलं नाही अजून." बहिणीची रविवारची शंका आणि माझा आग्रह, दोन्ही त्या हातात होते.

नुकसान एकसारखे नव्हते, हेही लिहिले पाहिजे. शेजारच्या बांधीत उभ्या धानातच पेरलेली लाखोळी (लाख डाळीचे पीक) होती. धान वेळेवर कापून नेलेल्या त्या शेतकऱ्याच्या लाखोळीला हा पाऊस फुकटचे पाणी ठरला, आणि तो ते आनंदाने सांगायला आला नाही, एवढी रीत त्याने पाळली. आमच्याकडच्या हरभऱ्यालाही ओल चालली असती. पण घरी फोन केला तर तिकडे फक्त ढग आणि किरकोळ शिंतोडे, म्हणजे हरभऱ्याला लाभ नाही आणि तुरीच्या फुलांना त्रास मात्र पुरेपूर. ढगाळ, दमट हवेत शेंगा पोखरणाऱ्या अळीला निवांतपणा मिळतो. मुलाला सांगितले, की ऊन पडल्याशिवाय फवारणीला हात लावू नको.

त्याच दिवशी नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू झाले आणि अवकाळी पावसाचा विषय तिथे पोचला. गावात मात्र चर्चा होती ती रात्रीच्या नाटकाची. झाडीपट्टीत हा नाटकांचा हंगाम. मंडप उभा होता, कनात भिजून लोंबत होती, आणि प्रयोग होणार की नाही यावर जितकी मते मांडली गेली तितकी वादळावर मांडली गेली नव्हती.

शुक्रवार, ८ डिसेंबर

नागभीड, चिमूर, वरोरा असा परत आलो. चिमूरच्या पुढे आभाळाला फटी पडल्या आणि वरोऱ्याला स्वच्छ ऊन होते. वारा उत्तरेकडे वळला होता: कोरडा, अंगाला बोचणारा. पूर्वेचा ओलावा मागे हटला, की उत्तरेचा वारा मोकळा होतो आणि खरी थंडी तेव्हा पडते. त्यातही गोंदियाचा पारा बहुधा सगळ्यांच्या खाली.

संध्याकाळी वावरात जाऊन आलो. तुरीखाली फुलांचा पिवळा सडा होता. कापूस वाचला होता. पर्जन्यमापकात तळ ओला होण्याइतकेच पाणी होते, आणि मी वहीत 'नगण्य' असे लिहिले. दादरला गेलेली मंडळी परतली होती. आजींनी सांगितले, की पन्नी लागली नाही.

रात्री बहिणीचा फोन आला. तिकडे दुपारी ऊन पडले होते, धुऱ्यावरच्या कडपा उलटून झाल्या होत्या, आणि पुंजणे उकलून वाळवावे की तसेच झाकून ठेवावे, हे तिला ठरवायचे होते. "पुढच्या आठवड्यात काय सांगितलं आहे, वाच बरं," ती म्हणाली. मी विदर्भाचे पान उघडले. ती लगेच म्हणाली, "ते नाही जी, तुझं ते समुद्राचं वाच आधी."